मधली रिकामी जागा



या भाषणमालेचा नियम असा, की वक्त्यानं आपल्या पेशाबाहेरच्या विषयावर बोलायचं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, कविता लिहितो. तेव्हा कवितेवर बोलायला मला बंदी आहे, आणि ती बंदी मला आवडली. गेली तीन-चार वर्षं एक गोष्ट माझ्या डोक्यात ठाण मांडून बसली आहे. कवींच्या मैफलीत ती सांगावी तर लोक चहा मागवतात. आज तुम्ही सापडला आहात.

गोष्ट आपल्या पोटातलीच आहे. आपल्या मोठ्या आतड्यात एक जिवाणू राहतो. थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञानं १८८५ साली त्याची माहिती जगापुढे मांडली, म्हणून त्याचं नाव एशेरिशिया कोलाय, सगळे ई. कोलाय म्हणतात. बहुतेक वेळा तो बिचारा निरुपद्रवी असतो. औषधाच्या कॅप्सूलसारखा लांबट आकार. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले दोनेक भाग एवढी त्याची लांबी. भरपूर खायला मिळालं आणि ऊब मिळाली, तर तो वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. आधी लांबीनं वाढतो, मग कंबरेत आवळत जातो आणि तुटतो. तुटतो तो बरोबर मधोमध. दोन-चार टक्क्यांपलीकडे सहसा चूक होत नाही.

आता विचार करा, मधोमध म्हणजे कुठे, हे त्याला कोण सांगतं?

माझे अब्बा शिवणकाम करायचे. पँटच्या कापडाचा मध्य काढायचा तर टेप न लावता ते कापडाची घडी घालत, टोकाला टोक जुळवत, घडीवरून अंगठ्याचं नख फिरवत आणि तिथे खडूची रेघ मारत. मध्य काढायच्या मला ठाऊक असलेल्या रीती दोनच, मोजणं किंवा घडी घालणं. जिवाणूला टेप नाही, त्याची घडी होत नाही, त्याला डोळे नाहीत, मेंदू नाही. अंधाऱ्या पाण्याची एक पिशवी, तीत एक गुणसूत्र आणि लाखो प्रथिनांची गर्दी. तरीही त्याची रेघ अब्बांच्या रेघेइतकीच सरळ पडते.

मला हे सांगितलं माझ्या भाचीनं. ती पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्रात संशोधन करते. एकदा सुट्टीत घरी आली, लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "मामू, ये देखो." पडद्यावर एक लांबट काळी आकृती होती आणि तिच्या एका टोकाला हिरवा उजेड. बघता बघता तो उजेड विझला आणि दुसऱ्या टोकाला उमटला. पुन्हा तिकडे विझला, इकडे उमटला. मी विचारलं, हे काय आहे? ती म्हणाली, मध्य शोधणं चाललंय. मी म्हटलं, अगं, पण हे तर दोन्ही टोकांना आहे! ती म्हणाली, तेच तर.

त्या "तेच तर"चा अर्थ कळायला मला बराच वेळ लागला. तो तुम्हाला दहा मिनिटांत सांगायचा प्रयत्न करतो.

सुरुवात १९६७ सालापासून करू. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या ओक रिज प्रयोगशाळेत हॉवर्ड अ‍ॅडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ई. कोलायचा एक विचित्र वाण सापडला. तो मधोमध तर तुटायचाच, पण कधीकधी टोकाजवळही तुटायचा. टोकाजवळ तुटला की एक छोटा गोल गोळा बाहेर पडायचा. त्यात सगळं होतं, फक्त गुणसूत्र नव्हतं. म्हणजे घर आहे, भांडीकुंडी आहेत, पण सातबारा नाही. असा गोळा काही काळ टिकतो, पण त्याला पुढे वंश नाही. या गोळ्यांना त्यांनी मिनिसेल म्हटलं.

इथे थोडं आडवळण घेतो, कारण नावांचा मला नाद आहे. हे शास्त्रज्ञ जनुकाला नाव देतात ते बहुधा ते बिघडल्यावर काय होतं त्यावरून. जे बिघडल्यावर मिनिसेल पडतात ते जनुक मिन. जे बिघडल्यावर जिवाणू तुटायचाच थांबतो आणि शेवईसारखा लांबत जातो, ते एफटीएस. त्यातलं एफ म्हणजे फिलामेंट, तंतू. आमच्या गावात माणसांना ठेवलेली नावं अशीच असतात. चांगला चालणाऱ्याला कुणी 'चालणारा' म्हणत नाही, लंगडणाऱ्याला मात्र जन्मभर लंगड्या म्हणतात. निरोगी जिवाणूत जे काम निमूटपणे चालतं, त्याला नाव मिळालं ते त्याच्या अपयशाचं.

तर ही अपयशं जुळवत जुळवत लोक पुढे गेले. १९८९ साली पीट डी बोअर, रॉबिन क्रॉसली आणि लॉरेन्स रॉथफील्ड यांनी दाखवलं, की मिन हे एक जनुक नाही, तीन आहेत. सी, डी आणि ई. १९९१ साली अर्फे बी आणि जो लुटकेनहॉस यांनी दाखवलं, की एफटीएस-झेड नावाचं प्रथिन जिवाणूच्या कंबरेभोवती कड्यासारखं गोळा होतं आणि तुटायचं ते त्या कड्याशीच. आपल्या पेशींमध्ये ट्युब्युलिन नावाचं प्रथिन असतं, हे त्याचं दूरचं नातलग आहे. म्हणजे प्रश्न आता नेमका झाला. कडं मधोमधच का बसतं?

ते कुठेही बसू शकतं, हे खरं उत्तर. त्याला मधल्या जागेचं प्रेम नाही. मिनचं काम त्याला टोकांवरून हुसकून लावण्याचं.

आमच्या शहरात बाजाराचा एक सरळ रस्ता आहे. हातगाडीवाले तिथे कुठेही उभे राहायला तयार असतात. आता समजा, नगरपालिकेची अतिक्रमणाची गाडी आहे. ती रस्त्याच्या एका टोकाला येऊन थांबते. तिथले हातगाडीवाले उठतात. थोड्या वेळानं गाडी निघते, मधून भरधाव जाते आणि दुसऱ्या टोकाला जाऊन थांबते. तिथलेही उठतात. मग पुन्हा परत. दिवसभर हेच. संध्याकाळी हातगाड्या कुठे दिसतील? मधोमध. "इथे उभे राहा" असं त्यांना कुणी सांगितलेलं नाही. जिथे गाडी सर्वांत कमी वेळ असते, ती जागा उरली, एवढंच.

मिन-सी हा हुसकावणारा कर्मचारी. मिन-डी ही त्याची गाडी. १९९९ साली क्लीव्हलंडमध्ये डेव्हिड रास्किन आणि पीट डी बोअर यांनी मिन-डीला जेलीफिशकडून मिळालेलं चमकणारं हिरवं प्रथिन जोडलं आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. तो उजेड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, पुन्हा इकडे, असा येरझाऱ्या घालताना दिसला. एक फेरी साधारण मिनिटाच्या आतबाहेर. त्याआधी बहुतेकांची समजूत अशी असणार, की टोकांना काही कायमची खूण असेल. इतकी धावपळ कुणाच्या मनात आली नव्हती.

आता गाडी परत का वळते? इथे माझा दृष्टांत संपतो, कारण या गाडीला ड्रायव्हर नाही. मिन-डीजवळ इंधन असलं की ते जिवाणूच्या आतल्या पटलाला चिकटतं. एक चिकटलं की शेजारी आणखी चिकटतात, गर्दी होते. या गर्दीच्या मागोमाग मिन-ई येतं. ते मिन-डीला चिकटून त्याचं इंधन जाळायला लावतं. इंधन संपलं की मिन-डीची पकड सुटते आणि ते पिशवीतल्या पाण्यात वाहू लागतं. पुन्हा इंधन भरायला त्याला क्षणभर लागतो. तेवढ्या वेळात ते भरकटत दूर गेलेलं असतं. शिवाय जुन्या टोकाला मिन-ईचा अजून तळ असतो, तिथे टिकाव लागत नाही. मग मोकळं टोक कुठलं? समोरचं. तिथे गर्दी जमते. मागोमाग मिन-ई पोचतं. पुन्हा पांगापांग.

एवढंच आहे. एक चिकटतं, एक सोडवतं. दोघांनाही लांबी ठाऊक नाही, मध्य हा शब्द ठाऊक नाही. पण पिशवीला दोन टोकं आहेत म्हणून ही झुलाझुली दोन टोकांत होते, आणि सरासरी काढली तर मधली जागा सर्वांत मोकळी राहते. तिथे कडं बसतं. जिवाणू लांब झाला की मध्य सरकतो, झुलाही आपोआप सरकतो. नवी मापं घ्यावी लागत नाहीत. आणि एखाद्या जिवाणूला तुटू न देता नुसतं लांबत ठेवलं, तर झुल्याचे एकाऐवजी अनेक पट्टे पडतात, झेब्र्याच्या अंगावर असावेत तसे.

हे वाचल्यावर मी भाचीला म्हटलं, किती हुशार आहे हा! ती चिडली. म्हणाली, मामू, तुम्ही पण! पेपरात पण हेच छापतात, हुशार जंतू. हुशारीशिवाय होतंय, हीच तर गंमत आहे. मला तिचं म्हणणं पटलं. आपण कवी लोक तर दगडालाही मन देऊन मोकळे होतो. या विषयात ती सवय आवरावी लागते, नाहीतर पाहण्यासारखं जे आहे तेच झाकलं जातं.

तिनं पुरावाही दिला. २००८ साली जर्मनीत ड्रेस्डेनला मार्टिन लूज, पेट्रा श्विले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवाणूच बाजूला काढला. काचेवर स्निग्ध पदार्थाचं सपाट पटल पसरलं, त्यावर शुद्ध मिन-डी, शुद्ध मिन-ई आणि इंधन घातलं. बस्स. त्या पटलावर लाटा उठल्या. सरळ लाटा, भोवऱ्यासारख्या लाटा. तिथे जीव म्हणावं असं काही नव्हतं, तरी लय होती. मग २०१५ साली हॉलंडमध्ये डेल्फ्टला फाबाय वू, सेस डेकर आणि इतरांनी ई. कोलायला इवल्याशा साच्यांत वाढवून चौकोनी केलं, आयताकृती केलं, गोल केलं. चौकोनी जिवाणू! आणि मिनचा झुला त्या त्या आकाराशी जमवून घेत राहिला.

अशा लाटांची कल्पना कागदावर त्याआधीच होऊन गेली होती. अ‍ॅलन ट्युरिंग हे नाव संगणकामुळे अनेकांना माहीत असेल. १९५२ साली त्यानं एक निबंध लिहिला. दोन रसायनं वेगवेगळ्या वेगानं पसरत असली आणि एकमेकांना चेतवत-आवरत असली, तर एकसारख्या द्रवातून आपोआप ठिपके, पट्टे उमटू शकतात, असं त्यात गणितानं मांडलं होतं. दोन वर्षांनी तो गेला. मिनचा हिशेब अगदी त्याच्या शब्दांत बसत नाही, पण घराणं तेच.

मधल्या जागेवर आणखी एक पहारा असतो, तो थोडक्यात सांगतो. ई. कोलायचं गुणसूत्र ताणलं तर दीड मिलिमीटर भरतं, म्हणजे जिवाणूच्या सातशेपट लांब. ते आत गुंडाळून ठेवलेलं. कडं त्याच्यावरच आवळलं तर दोरा कापलाच समजा. म्हणून गुणसूत्रावर एसएलएम-ए नावाचं प्रथिन बसतं आणि आसपास कडं जमू देत नाही. गुणसूत्राच्या दोन प्रती होऊन त्या बाजूला सरकल्या, की मधे फट पडते. टोकं मिननं राखलेली, गठ्ठे यानं राखलेले. उरते तीच एक जागा. आणि २०१४ साली तर असं दिसलं, की हे दोन्ही पहारे काढून घेतले तरी बरीच कडी मध्याजवळच बसतात. गुणसूत्राचा शेवटचा भागही त्यांना धरून ठेवायला हातभार लावतो. निसर्गाचा एकाच पहारेकऱ्यावर विश्वास नाही.

सगळे जिवाणू असंच करतात असं मात्र नाही. न्यूमोनियाचा स्ट्रेप्टोकोकस उलट वागतो. तो जिथे तुटायचं तिथे आधीच खूण करून ठेवतो, मॅप-झेड नावाच्या प्रथिनाची. अब्बांच्या खडूच्या रेघेसारखीच. मातीत राहणाऱ्या बॅसिलस सबटिलिसकडे मिन आहे, पण ते झुलत नाही. टोकांच्या वळणदार कोपऱ्यांत ठिय्या देऊन बसतं. आणि हाच बॅसिलस, खाणं संपून दिवस वाईट आले, की मुद्दाम एका टोकाजवळ तुटतो. लहान तुकड्याचा पुढे टणक बीजाणू होतो आणि वर्षानुवर्षं तग धरतो. मोठा तुकडा त्याला वाढवून संपतो. आमच्या वृत्तांतही यती दर वेळी मधे नसते. शार्दूलविक्रीडितात १९ अक्षरं, यती १२व्यावर. शिखरिणीत १७, यती सहाव्यावर. क्षमा करा, कवितेवर बोलायचं नव्हतं.

पण हे असमान तुटणं माझ्या घरात शिरलं ते वेगळ्या वाटेनं.

१९८४ साली माझ्या थोरल्या बहिणीला, आपाला, क्षय झाला. ती एकोणीस वर्षांची, मी शाळेत. तेव्हाचे उपचार लांबलचक असत, वर्ष-दीड वर्षाचे. सुरुवातीला रोज इंजेक्शन, शिवाय गोळ्या. घरात तिचं ताट वेगळं झालं, कपबशी वेगळी झाली. ठरत आलेलं लग्न मोडलं. मुलाकडच्यांनी कारण सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही. दोन-अडीच महिन्यांत तिचा खोकला थांबला, चेहरा भरला. अब्बा डॉक्टरांना म्हणाले, "पोरगी बरी दिसतेय. आणखी वर्षभर गोळ्या कशाला?" डॉक्टर म्हणाले, "चाचा, काही जंतू लवकर मरतात, काही मरत नाहीत." अब्बांनी विचारलं, "एकाच जातीचे ना सगळे?" डॉक्टर म्हणाले, "हो." अब्बा गप्प बसले, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. एका ताग्यातलं कापड धुतल्यावर अर्धं आटतं आणि अर्धं आटत नाही, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. आपानं मात्र एकही गोळी चुकवली नाही. पुढे तिचं लग्न झालं, मुलगी झाली. तीच ही भाची.

अब्बांच्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग जिवाणूच्या तुटण्यात आहे, हे मला तिच्याकडून कळलं. क्षयाच्या जंतूजवळ मिन नाही. त्याचं सगळंच संथ, ई. कोलाय वीस मिनिटांत जे करतो त्याला याला जवळजवळ एक दिवस लागतो. तो टोकांकडून वाढतो, आणि दोन्ही टोकं सारखी वाढत नाहीत. जुनं टोक पुढे असतं, तुटून नवीन झालेलं टोक थोडं थांबून वाढू लागतं. त्यामुळे एकाच आईच्या दोन लेकी सारख्या नसतात. २०१२ साली ब्री अल्ड्रिज, सारा फॉर्च्यून आणि सहकाऱ्यांनी क्षयाच्या जंतूच्या निरुपद्रवी चुलतभावावर, मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिसवर, हे पाहिलं आणि दाखवलं, की या असमान लेकी प्रतिजैविकांनाही असमान दाद देतात. मग २०१७ साली हेस्पर रेगो, एरिक रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लॅम-ए नावाचं प्रथिन सापडलं. नव्या टोकाची वाढ रोखून धरतं ते हेच. ते काढून टाकलं तर जंतू बरेचसे एकसारखे होतात आणि औषधानं लवकर, एकजात मरतात. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या लोझानला आणखी एक नवल दिसलं. या चुलतभावाच्या पृष्ठभागावर बारीक उंचवटे आणि खळगे असतात, लाटेसारखे, आणि पुढे तुटायचं ते मध्याजवळच्या खळग्याशी. हे खळगे आईकडून लेकीला वारशानं मिळतात.

लांबलचक उपचारांचं हे एकमेव कारण नव्हे. काही जंतू सुस्त पडून राहतात, काही फुप्फुसातल्या अशा कोपऱ्यात असतात जिथे औषध नीट पोचत नाही. पण "एकाच जातीचे ना?" या प्रश्नाला आता "हो, पण सारखे नव्हेत" असं पुराव्यानिशी म्हणता येतं. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत, तेव्हा हा प्रश्न फक्त माझ्या अब्बांचा नाही. साध्या क्षयाचा उपचार आता सहा महिन्यांवर आला आहे. काही रुग्णांसाठी चार महिन्यांच्या उपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली केली. जंतूचं तुटणंच अडवणारी औषधं शोधायचे प्रयत्नही चालू आहेत. २००८ साली स्टॅफिलोकोकसच्या एफटीएस-झेडवर काम करणारं एक संयुग प्रसिद्ध झालं आणि त्यानं उंदरांना संसर्गातून वाचवलंही. प्रयोगशाळेतून औषधाच्या दुकानापर्यंतचा रस्ता मात्र लांब आहे.

गेल्या ईदला भाचीनं हे सगळं आपाला समजावून सांगितलं, आमच्या दख्खनी बोलीत, हातवारे करत. आपा शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे डॉक्टर खरं बोलत होते." भाची म्हणाली, "खरं होतं, अम्मी. कारण माहीत नव्हतं." आपानं मान हलवली आणि विचारलं, की त्या लॅम-एला गाठणारी गोळी आली का. नाही आली, असं भाचीनं सांगितलं.

ती स्वतः सध्या त्या निरुपद्रवी चुलतभावावर काम करते. तो तीनेक तासांत दुभंगतो. म्हणून रात्री दहाला पाहिला तर पुन्हा एकला पाहावा लागतो. पोरीच्या जेवणाच्या वेळा आता तो जंतू ठरवतो, अशी आपाची तक्रार आहे.